नागपूरचा वसंत वाया जाऊ नये म्हणून: गच्ची, अंगण आणि मोगरा वेळेत तयार करायची रीत

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात नागपुरात ठरलेले प्रश्न कानावर येतात. फेब्रुवारीत नर्सरीतून आणलेला गुलाब करपला कसा? मोगऱ्याला पानंच पानं, कळी एकही का नाही? गच्चीत एवढं सगळं मांडलं, तरी सकाळचा चहा आतच का प्यावा लागतो? बहुतेक घरी कामं झालेली असतात, पण उलट्या क्रमानं. आधी रोपं येतात, मग कुंड्या शोधल्या जातात, मग मातीची आठवण होते आणि एप्रिलमध्ये पानं वाळल्यावर हिरवी जाळी आणायला माणूस धावतो.

क्रम नेमका उलटा हवा: आधी ऊन बघायचं, मग सावली आणि पाण्याची सोय, मग माती, आणि नर्सरीची फेरी सगळ्यात शेवटी. आपल्याकडे हा मोसम लांबत नाही. फेब्रुवारीत दुपार ३१-३२ अंशांच्या आसपास असते, एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि मेमध्ये ४५ गाठतो. गच्चीवर निवांत बसायला मिळतात ते दिवस संक्रांतीनंतर सुरू होतात आणि होळी झाली की आटोपायला लागतात. त्या दिवसांत माती कालवत बसलात, तर बसायचं राहूनच जातं. म्हणून खालची पहिली चार कामं शक्यतो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उरका.

## टप्पा १: दोन दिवस फक्त ऊन बघा

काही विकत घेऊ नका, काही हलवू नका. खडू घ्या आणि सकाळी ८, दुपारी ११, २ आणि ४ वाजता सावलीची कड जमिनीवर आखा. दोन दिवस पुरतात.

आता मेख अशी की फेब्रुवारीचं ऊन मेमध्ये त्याच जागी नसतं. फेब्रुवारीत दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन खोलवर येतं. मेच्या शेवटी तो नागपूरच्या बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा त्याच बाल्कनीला वरच्या स्लॅबची सावली मिळते. उलट, आज थंडगार वाटणाऱ्या उत्तरेच्या भिंतीवर मेमध्ये सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं, कारण सूर्य पूर्व-पश्चिमेच्या उत्तरेला सरकून उगवतो आणि मावळतो. सगळ्यात वाईट बाजू पश्चिमेची. दुपारी २ ते ५ तिथली भिंत तापते आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते.

यावरून तीन जागा ठरवा. बसायची जागा पूर्वेला किंवा घराच्या सकाळच्या सावलीत. मोगरा पूर्व किंवा दक्षिण-पूर्वेला, जिथे पाच-सहा तास ऊन मिळेल पण दुपारी तीनचा मारा बसणार नाही. पश्चिमेला बोगनवेल, सदाफुली, कोरफड असली दणकट मंडळी.

थांबा, हे तपासा: कूलर कोणत्या खिडकीला लागतो? फेब्रुवारीत तीच खिडकी मोकळी दिसते म्हणून लोक तिथे कुंड्यांची रांग लावतात, आणि मार्चअखेर कूलरचा स्टँड आला की अर्ध्या कुंड्या उन्हात जातात. कूलरची जागा आत्ताच खडूने आखून सोडा. गच्चीचं पाणी वाहून जायचा पाइपही मोकळा राहू द्या. वैशाखात वादळी पाऊस आला की तुंबलेलं पाणी स्लॅबमध्ये मुरतं.

## टप्पा २: सावली आणि पाणी, रोपांच्या आधी

हिरवी जाळी आत्ता बांधायची नाही, पण तिचे हूक, बल्ल्या आणि तार आत्ताच बसवून घ्या. मार्चमध्ये कुंड्या मांडून झाल्यावर भिंतीला भोक पाडायचं म्हणजे सगळं हलवणं आलं.

जाळी ५० टक्के सावलीची घ्या. ७५ टक्क्यांची स्वस्त मिळाली म्हणून बरेच जण आणतात. तिच्याखाली पानं हिरवीगार राहतात आणि मोगरा, झिनिया फुलायचं विसरतात. उंची सात-आठ फूट ठेवा. डोक्याला लागेल इतकी खाली बांधली तर तिच्याखाली गरम हवा कोंडते. चारही कडा घट्ट ताणू नका, एका बाजूला थोडी ढील द्या. एप्रिल-मेच्या वावटळीत ताठ बांधलेली जाळी आधी दोर ओवायच्या भोकांपाशी फाटते आणि मग बल्लीसकट जाते. प्लास्टिकची ताडपत्री मात्र जाळीऐवजी कधीच नको, खाली भट्टी होते.

जाळी चढवायची ती मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात. त्याआधी चढवली तर फेब्रुवारीचं कोवळं ऊन वाया जातं.

पाण्याचं म्हणाल तर सरळ हिशोब करा. फेब्रुवारीत एका बारा इंची कुंडीला दिवसाआड पाणी पुरतं, मेमध्ये तिलाच सकाळ-संध्याकाळ लागतं. तुमच्या घरचा नळ आणि टाकी तेवढं देणार का? देणार नसेल तर कुंड्या कमी करा. पंधरा टवटवीत कुंड्या चाळीस मरतुकड्या कुंड्यांपेक्षा डोळ्यांना बऱ्या वाटतात, आणि झारी घेऊन फिरायचा त्रासही अर्धा होतो.

मातीची कुंडी प्लास्टिकच्या कुंडीपेक्षा लवकर सुकते, पण मुळं थंड ठेवते. काळी प्लास्टिकची कुंडी पश्चिमेला ठेवली तर मुळं आतल्या आत शिजतात. असतीलच तर बाहेरून चुना मारा किंवा गोणपाट गुंडाळा. कुठलीही कुंडी थेट स्लॅबवर नको. खाली दोन विटा किंवा फरशीचे तुकडे द्या, म्हणजे बुडाची भोकं मोकळी राहतात आणि स्लॅबची धग वर चढत नाही.

सावधान: कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. बशी हवीच असेल तर तिच्यात रेती भरा.

## टप्पा ३: माती कालवणे

नागपूरची काळी माती शेतात कपाशीला उत्तम, कुंडीत एकटी मात्र घात करते. ओली झाली की फुगते, वाळली की विटेसारखी घट्ट होते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. बशीत पाणी दिसतं, मालक खूश होतो आणि मुळं कोरडीच राहतात. "रोज पाणी देतो तरी झाड मरतं" ही तक्रार ऐकली की मी आधी कुंडीच्या कडेला बोट घालून बघते.

मिश्रण असं करा:

दोन घमेली माती (अर्धी काळी, अर्धी पोयट्याची किंवा लाल), एक घमेलं जाड रेती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत. उन्हाळ्यात ओल टिकावी म्हणून अर्धं घमेलं भिजवून फुलवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) चालेल. मूठभर निंबोळी पेंड घाला. रेती जाडच हवी. बारीक रेती काळ्या मातीत मिसळली की मिश्रण आणखी घट्ट होतं.

आधी सगळं कोरडं कालवा, ढेकळं फोडा, मग पाणी शिंपडून एक रात्र झाकून ठेवा. कुंडीच्या भोकावर कवेलूचा (कौलाचा) तुकडा पालथा ठेवा, त्यावर मिश्रण भरा आणि वर दीड-दोन इंच जागा रिकामी सोडा. काठोकाठ भरलेल्या कुंडीत पाणी थांबतच नाही.

तपासणी एक: ओलसर मिश्रण मुठीत दाबा. गोळा झाला पाहिजे आणि बोटानं टोचल्यावर फुटला पाहिजे. फुटत नसेल तर रेती वाढवा. गोळाच होत नसेल तर माती कमी पडली आहे.

तपासणी दोन: भरलेल्या कुंडीत लोटाभर पाणी ओता. एक-दोन मिनिटांत ते खालून झिरपायला लागलं पाहिजे. तासभर वर तळं दिसलं तर रोप लावू नका, कुंडी उलटी करून पुन्हा कालवा.

शेणखताबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त रोपं इथे मरतात. कच्चं शेण कुजताना गरम होतं आणि त्यातून हुमणीच्या अळ्या, वाळवी कुंडीत येतात. कुजलेलं खत काळसर, भुसभुशीत असतं आणि त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो. शेणाचा वास येत असेल, आत गवताच्या काड्या ओळखू येत असतील, हात घातल्यावर कोमट लागत असेल, तर ते पोतं कोपऱ्यात झाकून ठेवा आणि पावसाळ्यानंतर वापरा.

दुसरी चूक चुलीच्या राखेची. कोकणात ती उपयोगी पडत असेल. आपली काळी माती मुळातच चुनखडीची, अल्कधर्मी. तिच्यात राख घातली की ती आणखी त्याच बाजूला जाते आणि झाडाला मातीतलं लोह उचलता येत नाही. नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला, की कारण बहुधा हेच. अशा झाडाला युरिया घालून काही होत नाही. चिलेटेड लोह (झाडाला सहज उचलता येणारं) मिळतं, ते पाकिटावरच्या प्रमाणात फवारा आणि राख बंद करा.

याच दिवसांत कडुनिंब आणि पिंपळ पानं गाळतात. अंगणात ढीग झाला की लोक पेटवून देतात. ती पानं गोणीत भरून ठेवा. मार्चपासून प्रत्येक कुंडीच्या मातीवर दोन इंच थर द्यायला तीच लागणार आहेत. फक्त खोडाला चिकटवू नका, दोन बोटं जागा सोडा.

## टप्पा ४: मोगरा

या लेखातला मन लावून करायचा टप्पा हाच. मोगरा साधला की मार्च ते जून घराची संध्याकाळ त्याच्या नावावर. तो न फुलण्याची कारणं मोजकीच आहेत, आणि त्यातली बहुतेक फेब्रुवारीत घडतात.

(क) ताण. काटोल-नरखेडकडे संत्र्याचा बहार धरताना झाडाला ताण देतात, पाणी तोडून त्याची वाढ थांबवतात. मोगऱ्यालाही तेच लागू. जानेवारीच्या शेवटी पाणी थांबवा. कुंडीत सात-आठ दिवस, जमिनीत असेल तर दोन आठवडे. पानं मलूल होऊन खाली झुकली की ताण पुरेसा झाला. फांदीची साल सुरकुतायला लागेपर्यंत थांबू नका. छोट्या कुंडीतल्या, पहिल्या वर्षाच्या रोपाला ताण देऊच नका.

(ख) छाटणी. कात्रीला धार हवी. स्वयंपाकघरातली कात्री फांदी चिरडते. आधी वाळलेल्या, एकमेकींत घुसलेल्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या बुडापासून काढा. उरलेल्या फांद्या निम्म्यावर आणा. काप पानांच्या जोडीच्या किंचित वर, तिरपा. मग राहिलेली पानं हातानं खुडून टाका. इथे बहुतेकांचा हात अडखळतो. झाड बोडकं दिसतं, घरातली वडीलधारी मंडळी रागावतात. खुडा. मोगऱ्याची कळी नव्या फुटीवर येते, जुन्या पानांच्या छत्रीखाली नवी फूट जोर धरत नाही.

(ग) खाणं. छाटणीनंतर वरची दोन इंच माती खुरप्यानं हलकेच मोकळी करा. बारा इंची कुंडीला दोन ओंजळी कुजलेलं खत, मूठभर निंबोळी पेंड आणि चमचाभर हाडांचा चुरा द्या. हाडांचा चुरा घरात चालत नसेल तर खताची एक ओंजळ वाढवा. मग भरपूर पाणी, भोकातून वाहीपर्यंत. त्यानंतर वरचा इंचभर थर सुकल्यावरच पुढचं पाणी.

(घ) वाट बघणं. दोन आठवड्यांत तांबूस-हिरवे कोंब दिसतात. साधारण पाच-सहा आठवड्यांत टोकांना तीन-तीन कळ्यांचे झुपके. या काळात युरिया किंवा डीएपी घालायचा मोह टाळा. नत्र जास्त झालं की झाड वेलीसारखं पसरतं, लांब फांदी, मोठी पानं, टोकाला काही नाही. अशी आंधळी फांदी दिसली तर तिचा शेंडा दोन पेरं खाली खुडा. खालून दोन नव्या फुटी येतील आणि त्यांना कळ्या धरतील.

उशीर झाला असेल तर: फेब्रुवारी संपला, झाडाला कोवळे कोंब आले असतील, तर निम्म्यावर छाटू नका. फक्त शेंडे खुडा, खत द्या, पाणी सुरू ठेवा. आता खोल छाटलं तर नवी फूट एप्रिलच्या झळांत येते आणि कडेनं करपते. कळ्या दिसत असतील तर कात्री पेटीत ठेवून द्या.

रोगराई: कोरड्या उन्हात पानांच्या मागे लाल कोळी लागतो. पानावर बारीक फिकट ठिपके, मागे अगदी पातळ जाळं. रोज सकाळी पाइपच्या फवाऱ्यानं पानांची मागची बाजू धुतली की अर्धा प्रश्न सुटतो. उरलेल्यासाठी लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण, संध्याकाळी उन्हं उतरल्यावर. दुपारी तेल फवारलं तर पानं भाजतात.

कळी तोडायची वेळ सांगते, कारण इथेही गडबड होते. सकाळी उमललेलं फूल दुपारपर्यंत पिवळं पडतं. दुपारी चार-साडेचारला कळी पांढरीशुभ्र, टपोरी आणि टोकाला जरा सैल झालेली दिसते. तीच तोडायची. हिरवट छटा असलेली कळी तोडली तर ती मिटलेलीच वाळते. ओल्या सुती कापडात सैल गुंडाळून ठेवा, सातच्या सुमारास उमलतात. चार-पाच कळ्या माठात टाकायच्या असतील तर ज्या झाडावर आठवडाभर काहीही फवारलेलं नाही त्याच्याच घ्या. बाजारातल्या गजऱ्याची फुलं पिण्याच्या पाण्यात टाकू नका. रोज सकाळी कळ्या काढून माठ धुवा.

## टप्पा ५: पेरणी आणि मग नर्सरी

फेब्रुवारीच्या मध्यापासून रात्रीची थंडी मोडते. तेव्हा भेंडी, गवार, चवळी, काकडी पेरा. भेंडीचं बी रात्रभर भिजवा, दीड-दोन सेंटिमीटर खोल टोचा, एका मोठ्या कुंडीत तीन बिया, उगवल्यावर एकच रोप ठेवा. दोन ठेवायचा मोह होतो आणि दोन्ही खुरटतात.

सांबार, म्हणजे कोथिंबीर, हवाच असेल तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात शेवटचा पेरा करा. धणे पोळपाटावर लाटण्यानं हलकेच रगडून दोन भाग करा. पसरट कुंडी, सकाळचं ऊन, दुपारची सावली. मार्चच्या उष्णतेत तो चटकन फुलावर जातो. मार्चमध्ये पेरून "उगवतो पण वाढत नाही" म्हणण्यापेक्षा त्या जागी पुदिना लावा. बाजारच्या जुडीतल्या जाड काड्या निवडा, खालची पानं काढा, पाण्यात ठेवा, पांढरी मुळं बोटाच्या पेराएवढी झाली की कुंडीत. गवती चहाचं जुनं ठोंब असेल तर त्याचे आता भाग करा आणि पाती वीतभर ठेवून छाटा.

फुलांत झिनिया, सूर्यफूल, बटनफूल आणि ऑफिस टाइम (पोर्टुलाका). ऑफिस टाइमची काडी कुठेही खोचा, लागते. तिला पाणी कमी आणि ऊन पूर्ण.

आता नर्सरीत जा. यादी हातात ठेवा, कारण फेब्रुवारीत पिटुनिया आणि डेलिया फुलांनी लदलेले असतात आणि पाय तिथेच अडतात. ती हिवाळी झाडं, आत्ता आणली तर महिनाभराचे पाहुणे. तेवढ्यासाठी घ्यायची असतील तर आनंदानं घ्या, उन्हाळ्याची आशा धरू नका. गुलाब घेताना फुलं बघू नका, कलमाचा सांधा बघा. सांध्याखालून सात पानांची जोरदार फांदी निघालेली असेल तर ते रोप सोडा, ती ज्यावर कलम बांधलं त्या खुंटाची फूट आहे.

तपासणी: रोपाची पिशवी उचला. बुडातून मुळांचा गुंता बाहेर आला असेल तर रोप फार दिवस पिशवीत अडकलेलं आहे. आणल्यावर तीन-चार दिवस सावलीत ठेवा, मग संध्याकाळी लावा. भर दुपारी लावलेलं रोप पहिल्याच दिवशी मान टाकतं.

## टप्पा ६: बसायची जागा

इथवर काम झालं असेल तर हे तासाभराचं आहे. बंगई (झोपाळा) असेल तर तिच्या कड्यांना तेल द्या आणि दोर किंवा साखळी दोन्ही टोकांना ओढून बघा. नसेल तर बाज किंवा दोन खुर्च्या. सामान कमी ठेवा. गच्चीवर टेबल, कारंजं, दिव्यांच्या माळा मांडणाऱ्या लोकांना मी तिथे बसलेलं क्वचितच पाहिलं आहे, ते पुसण्यातच असतात.

वेळ महत्त्वाची. फेब्रुवारीत साडेसात ते साडेनऊ बसता येतं. मार्चच्या मध्यात तीच वेळ साडेसहा ते आठ होते. हे लक्षात न घेता जुन्याच वेळेला चहा घेऊन वर जाणारे चार दिवसांत जाणं सोडतात. संध्याकाळी स्लॅबवर पाणी मारायचं तर सूर्य मावळल्यावर, दोनदा, थोडं थोडं. चार वाजता तापलेल्या स्लॅबवर बादली ओतली तर नुसती वाफ अंगावर येते.

खायला फार खटपट नको. मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची) संत्री याच दिवसांत बाजारात असतात. फळ हातात जड लागलं पाहिजे. साल सैल असणं नागपुरी संत्र्याचा स्वभावच आहे, पण दाबल्यावर आत पोकळी जाणवली तर ते सुकलेलं. सालींचा ढीग थेट कुंडीत टाकू नका, बुरशी आणि चिलटं येतात. तुकडे करून वाळवा, मग कंपोस्टमध्ये थोड्या थोड्या घाला.

पक्ष्यांचं पाणी याच कोपऱ्यातून दिसेल असं ठेवा. पसरट मातीचं भांडं, पाणी दोन इंचांहून खोल नको, मध्ये एक खडबडीत दगड. सावलीत, पण दाट झुडपाच्या अगदी खाली नाही, कारण मांजर तिथेच दबा धरते. रोज पाणी बदला आणि भांडं काथ्यानं घासा, साबण नको. आठवडाभर कोणी फिरकलं नाही म्हणून जागा बदलत बसू नका. आधी साळुंक्या येतात, मग बुलबुल. तांबट पाण्यावर सहसा येत नाही, त्याची टुकटुक दुपारभर जवळच्या पिंपळावरून ऐकू येते तेवढीच.

## टप्पा ७: होळीसाठी पळसाचा रंग

पळस फेब्रुवारीअखेर पेटतो. उमरेड, रामटेक, काटोल, कुठल्याही रस्त्यानं गावाबाहेर पडा, बांधावर दिसेल. झाडाखाली पडलेली ताजी फुलंच गोळा करा. फांद्या ओढू नका, आणि वनविभागाच्या हद्दीत काही उचलू नका. कापडी पिशवी न्या. प्लास्टिकमध्ये फुलं घरी येईपर्यंत घामेजून काळी पडतात.

१. देठ आणि काळसर मखमली वाटी खुडून फक्त केशरी पाकळ्या ठेवा. वाटी राहिली तर रंग मळकट येतो. पाकळ्या दोनदा धुवा, आत मुंग्या असतात.

२. लिटरभर पाण्याला चार-पाच ओंजळी पाकळ्या. लोखंडी कढई नको, तिच्यात रंग काळपटतो. स्टीलचा गंज (पातेलं) घ्या.

३. मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं ठेवा, खळखळ उकळू नका. झाकून रात्रभर मुरू द्या.

४. सकाळी सुती कापडातून दोनदा गाळा.

रंग गडद व्हावा म्हणून चुना घालायची रीत आहे. मुलांच्या डोळ्यांत जाणार असेल तर घालू नका. फिकट रंग चालतो, डोळे चुरचुरलेले चालत नाहीत. हा रंग दोन दिवसांत आंबतो, म्हणून होळीच्या आदल्या संध्याकाळीच करा. जास्त फुलं मिळाली तर सावलीत वाळवून डब्यात भरा, पुढच्या वर्षी तीच भिजवता येतात. पांढऱ्या कपड्यांवर डाग राहतो, तेव्हा कपडे जुने घाला.

## टप्पा ८: मार्चच्या मध्याची फेरी

एक संध्याकाळ काढा आणि याच क्रमानं फिरा. जाळी चढली का? पानांचा थर प्रत्येक कुंडीत पडला का? पाण्याची वेळ सकाळी सातच्या आधी आणली का? पाणी द्यायचं की नाही हे बोट दोन इंच मातीत घालून ठरवा. दुपारी पानं मलूल दिसली म्हणून लगेच पाणी ओतू नका, संध्याकाळी पुन्हा बघा. उन्हं उतरल्यावर पानं आपोआप ताठ झाली तर झाडाला तहान नव्हती, फक्त उन्हापासून बचाव चालला होता. संध्याकाळीही माना खालीच असतील तर पाणी द्या.

फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात अवकाळी पाऊस आणि गारपीट होते. आभाळ भरून आलं की कळ्या धरलेला मोगरा आणि कोवळी रोपं भिंतीच्या आडोशाला सरकवा. गारांनी फाटलेली पानं लगेच छाटू नका, नवी फूट येईपर्यंत त्याच पानांवर झाड जगतं.

पिटुनिया, डेलिया, शेवंती आता थकलेली दिसतील. पिटुनिया उपटून कंपोस्टमध्ये. शेवंतीची फुलं कापा, पण ठोंब सावलीत जगवा, त्यातून पावसाळ्यात नवी रोपं निघतात. डेलियाची पानं पिवळी पडून वाळली की कंद काढून कोरड्या रेतीत ठेवा. झेंडूची सगळ्यात मोठी, झाडावरच वाळलेली फुलं निवडा, बी मोकळं करा, दोन दिवस सावलीत वाळवा आणि कागदी पाकिटात भरा. पाकिटावर रंग आणि महिना लिहा, नाहीतर जुलैत सगळी पाकिटं सारखीच दिसतात.